कुठल्या पायाची

"डावी दे," म्हणाले भैरूअण्णा,
आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून
टाच अशी बघितली
जशी डॉक्टर जीभ बघतात.
"पिशवी एकाच खांद्यावर घिऊन हिंडलीस व्हय?"

पाठीवरच होती, अण्णा. नऊ किलो.
पण उजवा पट्टा दुसऱ्याच दिवशी उसवला,
मग उरलेलं सगळं शहर मी
डाव्या अंगावर कलून बघितलं.

"कुठलं म्हणालीस?"
व्हिएन्तिआन. तिथले लोक म्हणतात वियेंग चान.
चान म्हणजे म्हणे आपलं चंदनच.
"मग वास येतोय का चंदनाचा?"
धुळीचा येतो. निखाऱ्यावरच्या माशाचा.
सकाळी बांबूच्या टोपलीतल्या चिकट भाताचा.
राजधानी आहे, पण हॉर्न कुणी वाजवत नाही.
हे काही अण्णांना पटलं नाही.
त्यांनी चप्पल लाइनच्या गर्दीकडं नुसता हात केला.

रापीखाली झिजलेला थर निघत होता,
पापुद्र्यामागून पापुद्रा.
मी सांगत होते:
एक भली थोरली कमान आहे,
विमानतळासाठी आलेलं सिमेंट म्हणे तिच्यात गेलं.
"म्हंजे आपल्यागतच की," अण्णा म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

एका देवळाच्या पायरीवर
रबरी सपातांच्या ढिगात
ही जोडी शोधावी लागली नाही.
केशरी वस्त्रातलं दहाएक वर्षांचं पोर
हिला कानाशी धरून दोन्ही हातांनी वाकवत होतं.
करकर. थांबायचं. करकर.
मला बघून इतकं लाजलं
की चप्पल हातात घेऊनच आत पळालं.

मग मेकाँग. फेब्रुवारीत नदी मागं सरते,
वाळूत कितीतरी चालल्यावर पाणी लागतं.
पलीकडं चक्क दुसरा देश,
पंचगंगेपल्याड वडणगे असावं इतका सहज.
तिथं ही भिजली. आवाज तिथंच गेला.

"कातड्याला पाणी दावू न्हाई," अण्णा पुटपुटले.
आरी, वादी, आरी, वादी.

आणि एक दालन आहे, अण्णा,
तिथं छताला पाय टांगलेत.
लाकडाचे, बांबूचे, पत्रा ठोकून घरीच केलेले.
आकाशातून पडलेले बाँब अजून शेतात आहेत त्यांच्या,
कुदळ लागली की फुटतात.
नवा पाय मिळाला की जुना तिथं देऊन जातात.
बाहेर एक माणूस शहाळी विकत होता, सोम्फोन नावाचा.
शहाळं सोलताना
माझ्या चपलेकडं सारखा बघत होता.
बोटानं विचारलं त्यानं, कितीला?
मी सांगितलं. हसला. एकच बोट वर केलं.
मला वाटलं, भाव करतोय.
रिक्षात बसल्यावर कळलं
तो एक चप्पल मागत होता.

रापी थांबली.
समोरच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक
अकरा नंबर आहे का विचारत होतं.

"कुठल्या पायाची?"

मी फोन काढला. चारशे बारा फोटो.
कमान, कमानीवरून रस्ता, सोनेरी कळस,
भात, भात, मी, नदी, मी.
शहाळ्याचाही होता. नळी घातलेला.
त्याच्यामागं एक कोपर.

"न्हाई, म्हंजे," अण्णा म्हणाले,
"कातडं कापायच्या आधी डावी-उजवी ठरवायला लागतीया.
मागनं बदलता येत न्हाई."
आणि रापी पुसून पोत्याखाली ठेवली.

नव्वद रुपये झाले. डावीचाच तळ बदलला होता,
उजवी अजून दोन वर्षं जाईल म्हणाले.

महाद्वार रोडनं घरी निघाले.
नवं कातडं बोलायला लागलं होतं.
कर
मग काहीच नाही
कर
मग काहीच नाही
माळकरीण फुलं ओवताना वर बघायला लागली.